किनलोरीचा लेअर्ड

३ फेब्रुवारी

ही वही इशबेलने नाताळात दिली. इशबेल मॅकफेल माझं घर सांभाळते. मलाही सांभाळते, असं तिचं मत. वही देताना म्हणाली, "रोज सकाळी चुलीपाशी उभं राहून मला जे ऐकवता ना, ते यात लिहीत चला. माझी लापशी तरी करपायची नाही."

तर आजचं लिहितो. आज सात माणसं भेटली. सातही जणांनी मला 'मिस्टर पेटिग्र्यू' म्हटलं.

आमच्या डोंगराळ मुलखात जमिनीच्या धन्याला आडनावाने हाक मारायची पद्धत नाही. जमिनीचं जे नाव तेच त्याचं. शेजारच्या बालाखमध्ये अकरा गाई आणि एक मोडका ट्रॅक्टर बाळगणारा इसम आहे. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल, पण सगळा मुलूख त्याला 'बालाख' म्हणतो. 'बालाख, तुमचा बैल रस्त्यावर आलाय.' 'या बालाख, टेका.' आणि माझी चौदा हजार एकर जमीन, दोन तळी, एक अख्खा डोंगर, एक पडका बुरूज. मी किनलोरीचा लेअर्ड, इथल्या भाषेत जमिनीचा मालक. तरी बारा वर्षं मी मिस्टर पेटिग्र्यू. विमा विकायला दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

'किनलोरी' हे नाव इथे चालतं, पण माझ्या आधीच्या लेअर्डसाठी. तो वारल्यावर त्याच्या पुतण्यांकडून मी जमीन घेतली. 'किनलोरी म्हणायचा, वारा उत्तरेचा असला की मेंढ्या खाली आणा.' 'किनलोरीला हे खपलं नसतं.' माणूस चर्चच्या मागे पुरलाय आणि माझ्या नावावर मात्र ठाण मांडून बसलाय.

७ फेब्रुवारी

बाबांचा पेझलीला बादल्यांचा कारखाना होता. तो विकून मी इथे आलो, हे मी गावात कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

दुपारी गावातल्या दुकानात गेलो. दारातून शिरताना आत कुणीतरी म्हणालं, "बादली आली." मी आत गेलो तर सगळे गप्प. बादल्या कुठे दिसल्या नाहीत. माल बहुधा मागच्या बाजूला उतरवत असावेत.

१२ फेब्रुवारी

शाळेची बाई आली होती, ऐली बेथून. म्हणणं नेहमीचंच: खाडीकाठचा एक तुकडा घर बांधायला द्या. ती, नवरा आणि दोन पोरं असा तिचा संसार तिच्या आजीच्या घरामागे एका चाकांच्या डब्यात चालतो. शाळेत सहा मुलं आहेत. तिची दोन गेली तर चार उरतात आणि मग सरकार शाळेला कुलूप लावतं, हे तिने मला चौथ्यांदा समजावून सांगितलं.

मी तिला दिवाणखान्याच्या खिडकीशी नेलं. "हे बघ बाई, तू मागतेस तो तुकडा म्हणजे माझा देखावा आहे."

तिने बाहेर पाहिलं. मग म्हणाली, "देखावा सुंदर आहे, मिस्टर पेटिग्र्यू. त्यात माणूस नाही."

"तेच तर!" मी म्हणालो. समजूतदार मुलगी आहे. लगेच निघून गेली.

१९ फेब्रुवारी

टॉर्मोड माझा शिकारखान्याचा रखवालदार. हरणं कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं, आणि मी बंदूक घेऊन पोचेपर्यंत ती तिथून गेलेली असतात. आज डोंगर उतरताना तो जुन्या लेअर्डबद्दल बोलत होता. म्हातारा शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा म्हणे अख्खं गाव आमच्या अंगणात येऊन उभं राहिलं. पावसात. डोक्यावरच्या टोप्या काढून.

"कुणी बोलावलं होतं त्यांना?" मी विचारलं.

"कुणीच नाही, साहेब."

"मग आले कशाला?"

टॉर्मोडने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. मग म्हणाला, "किनलोरी जात होता ना."

मला जेवण गेलं नाही. इशबेलने हरणाच्या मांसाची ताटली तशीच उचलली. हे लोक माणसाची किंमत तो जाताना करतात, हे माझ्या लक्षात आलं. मी तर ठणठणीत आहे. मरण्याची माझी तयारी नाही. पण जाण्याचे दुसरेही प्रकार असतात.

उद्या इन्व्हर्नेसच्या वकिलाला फोन करतो.

२६ फेब्रुवारी

इन्व्हर्नेस. माझे वकील मिस्टर आर्चिबाल्ड लेअर्ड. होय, लेअर्ड हे त्यांचं आडनाव! तिसऱ्या मजल्यावर राहतात, जमीन म्हणाल तर खिडकीतली जिरॅनियमची एक कुंडी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी किती वर्षं त्या शब्दासाठी तळमळतो आहे आणि हा गृहस्थ तो पाळण्यात असल्यापासून फुकट वापरतोय.

तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते हसले. "आमच्या आडनावाची माणसं मोठी झाली, मिस्टर पेटिग्र्यू. कुणी जहाजं बांधली, कुणी आफ्रिकेतल्या नदीत आगबोट घातली. सगळी पाण्यात गेली, कारण जमिनीवर उभं राहायला जागाच नव्हती. बोला, काय काम काढलंत?"

मी बेत सांगितला. किनलोरी विकायला काढायची. विकायची नाही, फक्त काढायची. गावाला कळू दे की लेअर्ड चालला. मग ते येतील, विनवतील, आणि मी राहीन. 

मिस्टर लेअर्डनी चष्मा काढून पुसला. "विकायला काढलेली जमीन ही खरोखरच विकायला निघते, हे तुमच्या ध्यानात आहे ना? आणि गावाने तीन वर्षांपूर्वी सरकारी नोंदवहीत नाव घातलंय. जमीन विकायला निघाली की पहिला हक्क गावाचा. तुम्हाला तेव्हा पत्र आलं होतं."

पत्र आलं होतं खरं. माझ्या जमिनीबद्दल गावाला आस्था आहे असं त्यात लिहिलेलं होतं, म्हणून मी ते चौकट करून जिन्यात लावलंय.

"गावाकडे काय आहे, मिस्टर लेअर्ड? मेंढ्या आणि खोकला."

"सही करेपर्यंत तुम्हाला माघार घेता येईल," ते म्हणाले. "पण ज्या विहिरीत पोहता येत नाही तिची खोली पाय घालून बघू नये."

वकील झाला की माणूस भित्रा होतो.

५ मार्च

सूचना प्रसिद्ध झाली. सकाळी इशबेलला मी स्वतः सांगितलं, गंभीर आवाजात. तिच्या हातातला डाव खाली पडला.

"खरंच विकताय?"

"मन घट्ट केलंय, इशबेल."

"नंतर मागे नाही ना फिरणार?"

बिचारीचा आवाज कापत होता. एप्रन डोळ्यांना लावून ती धावत फोनपाशी गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिचं बोलणं तासभर ऐकू येत होतं. मधूनच हुंदका यावा तसा आवाज येई. बायका दुःखात कधीकधी हसल्यासारखा आवाज काढतात.

१४ मार्च

अजून कुणी आलं नाही. धक्का मोठा आहे, वेळ लागणारच.

२८ मार्च

आले! सकाळी अकराच्या सुमारास झाडीतून माणसं वर चढताना दिसली. मी धावत जाऊन किल्ट नेसलो आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो. ठरवलं होतं, लगेच खाली उतरायचं नाही. त्यांना वर बघू द्यायचं.

सहा जण होते. पुढे ऐली, मागे टॉर्मोड, दुकानवाली, पोस्टमन, आणखी एक जण, आणि ऐलीची आजी किर्स्टी. शहाऐंशी वर्षांची आहे. तिला पोस्टमनच्या गाडीतून आणली होती. मुळात तिला आणली यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळत होतं.

ऐलीने एक पाकीट पुढे केलं. त्यात विनंती नव्हती. गावकऱ्यांची संस्था आपला हक्क बजावून जमीन विकत घेऊ इच्छिते, अशी चार ओळींची कायदेशीर चिठ्ठी होती.

मी थांबून राहिलो. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं नाही?"

किर्स्टी म्हणाली, "सांगायचं आहे की. तो जिना उतर आधी. मान दुखतेय आमची."

उतरलो. सगळ्यांनी एकेक करून माझा हात हातात घेतला. निघताना पोस्टमन म्हणाला, "आभारी आहोत, मिस्टर पेटिग्र्यू."

जाऊ दे. हे लोक भावना दाखवायला लाजतात. 'तुम्हाला सोडवत नाही' असं सरळ म्हणता येत नाही, म्हणून जमीनच मागतात. किती हा जीव!

१७ मे

गावाच्या सभागृहात निधीसाठी नाचगाण्याची मैफल होती. मीही गेलो. गेलो नसतो तर वाईट दिसलं असतं. फिडल उत्तम वाजत होतं, मटण भरलेले पॅटिस चांगले खुसखुशीत होते. तिकीट घेतलं, दोन केक घेतले, सोडत लागते का बघायला पाच चिठ्ठ्या घेतल्या. घरी येताना लक्षात आलं की माझीच जमीन माझ्याकडून विकत घ्यायला मी वर्गणी देऊन आलोय.

इशबेलला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे." हे वाक्य तिने आधी कधी म्हटलेलं नाही.

११ जून

किंमत ठरवायला एडिनबरोहून सरकारी माणूस आला. गावाच्या वर्गणीला कमी पडेल ते सरकारी निधीतून येणार, असं त्याच्याकडून कळलं. चिखलाला घाबरत होता. मी त्याला खिडकीशी नेऊन विचारलं की देखाव्याचे किती धराल. म्हणाला, देखाव्याचा रकाना नाही.

१२ ऑगस्ट

आजपासून रानकोंबड्यांच्या शिकारीचा मोसम. दरवर्षी हाकारे घालायला गावातली वीस माणसं येतात. आज टॉर्मोड एकटाच आला. बाकीचे कुठे, असं विचारलं तर म्हणाला, "घरोघर फिरतायत, साहेब. मतदानाच्या चिठ्ठ्या आल्यात ना."

जमीन घ्यावी की नाही यावर गावातल्या प्रत्येक रहिवाशाने मत द्यायचं असतं. मीही रहिवासी आहे, मलाही चिठ्ठी आली. मी 'नको' वर फुली मारली. घोटभर व्हिस्की घेतली आणि मग टॉर्मोडला सहज विचारलं, "तू काय देणार रे मत?"

"तुमच्या भल्याचंच देणार, साहेब," तो म्हणाला आणि एक डोळा मिटला. इमानी माणूस. आम्ही दोघांनी मिळून एकही कोंबडी मारली नाही.

३० ऑगस्ट

निकाल लागला. बाजूने चौऱ्याहत्तर. विरुद्ध एक.

मतदान गुप्त असतं म्हणतात. विरुद्ध एकच मत पडल्यावर त्यात गुप्त काय राहिलं?

टॉर्मोड. इशबेल. जिला मी दर नाताळात मासे कापायची नवी सुरी देतो ती दुकानवाली. सगळे.

१ सप्टेंबर

कालपासून बाहेर पडलो नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही, कारण इशबेल ही वही वाचत नाही. अक्षर लागत नाही म्हणते. मला फार वाईट वाटलं. पेझलीत बाबा मला 'मालक' म्हणायला कामगारांना लावायचे आणि ते बादल्यांकडे बघत म्हणायचे. मला एकदा, आयुष्यात एकदाच, कुणीतरी न सांगता हाक मारलेली हवी होती. बारा वर्षांपूर्वी जमिनीची जाहिरात पाहिली तेव्हा मी तळी मोजली नाहीत, एकर मोजले नाहीत. ते नाव तेवढं तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

माघार घेणार. मिस्टर लेअर्डना फोन केला. ते म्हणाले, "तुमचा हक्क आहे. पाच ऑक्टोबरला दुपारी तीन वाजता सभागृहात सहीसाठी मी येतोच आहे. तिथे 'नाही' म्हणा, संपलं."

तसंच करतो. सगळ्यांच्या देखत.

४ ऑक्टोबर

भाषण तयार आहे. आज दिवसभर वरच्या दालनात भिंतीवरच्या हरणांच्या मुंडक्यांसमोर ते म्हणून पाहिलं. 'माझ्या लोकहो! तुम्ही मला ओळखलं नाहीत. बारा वर्षांत माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाहीत. तरी मी तुम्हाला सोडून जाणार नाही. ही जमीन मी परत घेतो.' शेवटच्या वाक्याला हात वर. आवाज चांगला लागला, खालपर्यंत जात असेल.

चहा मागायला खाली आलो तेव्हा इशबेल जिन्याच्या पायथ्याशीच उभी होती, हातात चहाचा ट्रे. चहा गार झाला होता.

"मिस्टर पेटिग्र्यू," ती म्हणाली, "एक विचारू? नक्की काय हवंय तुम्हाला?"

"मला? मला काही नको, इशबेल. थोडी बिस्किटं दे."

बिस्किटं देऊन ती फोनपाशी गेली. जेवणाच्या वेळेपर्यंत एकामागून एका घरी फोन चालले होते. दारातून जाताना एवढंच ऐकू आलं: "एकच शब्द आहे गं, जीभ झिजत नाही. पोरांनाही शिकवून ठेव." उद्याच्या खाण्यापिण्याची तयारी असावी.

५ ऑक्टोबर

हे आजच लिहून ठेवलं पाहिजे.

तीनला पाच कमी असताना सभागृहापाशी पोचलो. खिशात भाषण. टॉर्मोड दारात उभा होता, दाढी केलेला. त्याने टोपी काढली.

"या, किनलोरी," तो म्हणाला.

मला वाटलं, मागे कुणीतरी आहे. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आत गेलो तर पत्र्याचं ते सभागृह गच्च भरलेलं. सगळे उठून उभे राहिले. दुकानवाली पुढे आली. "किनलोरी, इथे बसा, इथे वारा लागत नाही." पोस्टमन म्हणाला, "दमलात का किनलोरी चालून?" एक चिमुरडी केकची बशी घेऊन आली आणि पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणाली, "किनलोरी, केक." बॅगपाईप वाजू लागले. वाजवणारा बालाख होता, आणि वाजवता वाजवता त्याने मला मान लववली. बरोबरीच्या माणसाला लववतात तशी.

ऐली बोलायला उभी राहिली. "किनलोरींनी बारा वर्षं ही जमीन जशीच्या तशी ठेवली. एक खुंटी इकडची तिकडे केली नाही. हे आम्ही कधी विसरणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! मग ती माझ्याकडे वळली. "किनलोरी, दोन शब्द बोलता?"

मी उभा राहिलो. कागद काढला. 'माझ्या लोकहो' पर्यंत आलो आणि पुढची ओळ दिसेना. त्या ओळीत लिहिलं होतं की तुम्ही मला एकदाही हाक मारली नाहीत.

"बोला, किनलोरी!" मागून कुणीतरी ओरडलं. "बोला!"

खरं सांगायचं तर मला शंका आली. मी इतकाही खुळा नाही. काल संध्याकाळपर्यंत कुणाच्या तोंडी नसलेलं नाव आज पोराटोरांच्या तोंडी एकाच वेळी कसं आलं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो परत पाठवला. तहानलेल्या माणसाने पाणी कुणाच्या विहिरीचं ते विचारू नये.

मिस्टर लेअर्डनी कागद टेबलावर ठेवले होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही नाही म्हणायला आला होतात."

"लोक थांबलेत, मिस्टर लेअर्ड," मी म्हणालो.

सही करताना पेन 'किनलोरी' लिहायला वळलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथे कायद्याचं नाव घालायचं. घातलं. ह्यू पेटिग्र्यू. सव्वातीन वाजले होते.

एक किर्स्टी तेवढी कोपऱ्यात विणत बसली होती. तिने एकदाही 'किनलोरी' म्हटलं नाही. तिला ऐकू कमी येतं.

६ ऑक्टोबर

उशिरा उठलो. राहतं घर आणि बाग मला तहहयात भाड्याने द्यायचं ठरलंय, त्यामुळे तशी कसली घाई नव्हती. खाली आलो, टेबलाशी बसलो आणि वाट पाहिली.

"लापशी गार होतेय, मिस्टर पेटिग्र्यू," इशबेल म्हणाली.

सवय. बारा वर्षांची जिभेची सवय एका दिवसात जात नाही.

७ ऑक्टोबर

दुकान: मिस्टर पेटिग्र्यू. पोस्टमन: मिस्टर पेटिग्र्यू. टॉर्मोडने लांबूनच हात केला, काहीच म्हणाला नाही. तो गडबडीत होता. खाडीकाठच्या त्या तुकड्यावर चार खुंट्या आणि सुतळी घेऊन काहीतरी मोजत होता, ऐलीचा नवरा दुसरं टोक धरून. माझ्या देखाव्यात आता दोन माणसं आहेत.

९ ऑक्टोबर

सामानाची बोट आली म्हणून धक्क्यावर गेलो. गावातली बरीच माणसं होती. बोट टेकत असताना नावाडी ओरडला, "अहो किनलोरी, दोर धरा!"

मी हात वर केला. पुढे झालो.

माझ्याबरोबर आणखी अकरा जण पुढे झाले. टॉर्मोड, पोस्टमन, दुकानवाली, ऐली, तिचा नवरा, सगळे. आणि मग हशा पिकला. "कुठला किनलोरी रे?" "अरे, जवळ असेल तो!" दोर पोस्टमनने धरला. दुकानवाली त्याला म्हणाली, "कमरेला जप हो किनलोरी," आणि तो म्हणाला, "तुम्ही पिठाचं पोतं सांभाळा, किनलोरी." जमिनीच्या कागदावर गावाचं नाव लागल्यापासून हेच चाललंय म्हणे. दिवसभर एकमेकांना तेच. पोरंसुद्धा.

माझा हात वरच राहिला होता. किर्स्टी शेजारी बाकावर बसली होती. म्हणाली, "खाली घे तो. गार पडेल."

मी तिच्याशेजारी बसलो. आधी कधी बसलो नव्हतो. म्हणालो, "त्या दिवशी सगळे मला म्हणत होते."

"म्हणणारच. तीन वाजता तू किनलोरी होतास."

"आणि आता?"

"सव्वातीनला नव्हतास. जमीन ज्याची, नाव त्याचं. पद्धतच आहे ती."

"मग ती आधीची बारा वर्षं?"

ती हसायला लागली. दात नाहीत तिला, पण हसली मनापासून. बराच वेळ हसून झाल्यावर माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "संस्थेचा सभासद हो की. वर्गणी एक पौंड. या गावात राहतोस, तर कुणीही अडवणार नाही. मग हाक आली की तूही खुशाल मान वळव."

१० ऑक्टोबर

ऐलीकडून अर्ज आणला. एका पानाचा आहे. नाव, पत्ता, आणि खाली दोन सभासदांच्या सह्या: आम्ही या इसमाला ओळखतो, म्हणून.

एक सही इशबेलने केली. आधी अर्ज दोनदा वाचला, पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओळखते हे तर खोटं नाही."

दुसऱ्या सहीसाठी तिने टॉर्मोडचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला मी बंदुकीसकट ओळखतो. माणूस म्हणून दुसऱ्या कुणाला तरी विचारा." म्हणाला हसूनच, पण सही केली नाही.

उद्या न्याहारी झाली की निघतो. सही देणारं एक तरी घर मिळेलच. कुणाचं दार कुठे आहे, ते मात्र इशबेलला विचारून कागदावर लिहून घ्यावं लागेल.